विकल्पाचे मूळ : अन्यथाज्ञान



विकार, विकल्प आणि हिंसा या तिहींपासून साधकाने दूर राहावे, हे आपण नित्य ऐकतो आणि नित्य सांगतो. त्यांपैकी विकार व हिंसा ओळखणे सोपे. क्रोध आला की तो देहाला जाणवतो. हिंसा घडली की ती डोळ्यांना दिसते. परंतु विकल्प मनात शिरतो तो विकल्पाच्या वेषाने शिरत नाही. तो ज्ञानाच्या वेषाने येतो. “मला ठाऊक आहे”, “मी स्वतः पाहिले आहे”, “हा तोच आहे”, अशी त्याची भाषा असते. एका वस्तूच्या ठायी दुसऱ्या वस्तूची बुद्धी होणे, या साध्या अर्थाने ‘अन्यथाज्ञान’ हा शब्द येथे घेतला, तर विकल्पाचे मूळ अन्यथाज्ञानात आहे आणि हिंसा हे त्याचे फळ आहे. मूळ, रोप व फळ या क्रमाने या विषयाचा विचार आज करावयाचा आहे. तो करताना प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेला एक अपराध सांगणे भाग आहे. इतरांचे दोष दाखवून हा विषय शिकवता येत नाही.

प्रसंग

सन २०१९ च्या पावसाळ्यात भाईंदर पूर्वेस केबिन रोडवरील एका वासनिकांच्या घरी आमचा मुक्काम होता. यजमान मूळचे धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याचे. नोकरीनिमित्त मुंबईस आले आणि पुढे भाईंदरला स्थिरावले. सायंकाळचे स्मरण आटोपले होते. निरूपणासाठी शेजारची चारसहा कुटुंबे जमली होती. वीज गेलेली, बाहेर पाऊस. इतक्यात खाली रस्त्यावर गलका झाला. “पकडा, पोरं पळवणारा आहे!” असे शब्द ऐकू आले. आम्ही सज्जात आलो. विजेरीच्या उजेडात दिसले ते असे : पाठीवर गोणी असलेला, मळक्या कपड्यांचा एक मनुष्य भिंतीशी उभा, त्याच्याभोवती तीसचाळीस लोक, दोघांनी त्याची मानगूट धरलेली.

त्या क्षणी माझ्या मनात आले, “हा मनुष्य मी कालही येथेच पाहिला. मुलांकडे टक लावून उभा होता.” ही शंका नव्हती, अगदी स्पष्ट आठवण होती. कोपऱ्यावरचे दुकान, गोणी, त्याची नजर, सर्व काही डोळ्यांपुढे उभे राहिले. मी तसे शेजारच्या गृहस्थांना बोललोही. ते वरूनच खाली ओरडणार होते की बाबांनीही याला काल पाहिले आहे. ओरडले असते तर काय झाले असते, हे सांगावयास नको. साधूच्या वस्त्राला समाज जी पत देतो, ती त्या वाक्याला मिळाली असती.

परंतु त्याआधीच यजमानांच्या वृद्ध मातोश्री जिना उतरून खाली गेल्या होत्या. गर्दीत शिरून त्यांनी एकच प्रश्न विचारला : “अरे, पोर कोणाचं गेलं, ते तर सांगा!”

गर्दी स्तब्ध झाली. जो तो दुसऱ्याकडे पाहू लागला. कोणाचेच पोर गेले नव्हते. त्या संध्याकाळी त्या रस्त्यावर एकही मूल हरवले नव्हते. गोणी उघडली, तर तिच्यात पत्र्याचे डबे, प्लास्टिकच्या बाटल्या आणि तारांची भेंडोळी निघाली. तो भंगार वेचणारा होता. पाऊस चुकवण्यासाठी आडोशाला उभा राहिला होता. आजींनी त्याला वर आणून चहा दिला. त्याचे हात इतके कापत होते की कपबशी धरता येईना.

रात्री अंथरुणावर पडल्यावर दुसरी गोष्ट ध्यानात आली, आणि झोप उडाली. आम्ही भाईंदरला त्याच दिवशी सकाळी पोहोचलो होतो. आदल्या दिवशी मी केबिन रोडवर नव्हतोच. जो मनुष्य मी “काल” पाहिला, तो मी कधीच पाहिलेला नव्हता.

ज्यांना हे ऐकावेसे वाटत नाही ते झाले नाही

हा प्रसंग घडण्यापूर्वी एक वर्ष, रविवार दि. १ जुलै २०१८ रोजी, साक्री तालुक्यातीलच राईनपाडा या गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जण जमावाच्या हातून मारले गेले. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा त्यांचा परंपरागत जीवनक्रम. आठवडी बाजाराचा दिवस होता. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश भ्रमणध्वनीवरून कित्येक दिवस फिरत होते. अनोळखी भिक्षेकरी दिसले; त्यांपैकी एकजण एका मुलीशी बोलताना दिसला, असे त्यावेळच्या वृत्तांत आले; एवढ्यावरून निर्णय झाला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारण्यात आले.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीची हकीकत बोधप्रद आहे. दुचाकीवरून आलेला एक मनुष्य रस्त्यात खेळणारे मूल उचलून नेतो, एवढेच तीत दिसे. मूळ चित्रफीत कराची येथील होती, आणि मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना सावध करण्यासाठी ती तयार केलेली होती. तिच्या शेवटी तोच मनुष्य मूल परत आणून सोडतो आणि सूचनेचा फलक दाखवतो. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. सत्याचा पूर्वार्ध ठेवून उत्तरार्ध कापला की तयार होणारी वस्तू असत्यापेक्षाही घातक असते, कारण तिला सत्याचा चेहरा असतो.

राईनपाड्यावर मी स्वतः प्रवचने केली होती. भिक्षेकऱ्यांचा वध म्हणजे अटन करणाऱ्या प्रत्येक साधूच्या दारी आलेला प्रश्न, असे तळमळीने सांगितले होते. आणि तरीही वर्षभराने केबिन रोडवरच्या त्या सज्जात मी गर्दीबरोबर होतो. म्हणून पहिला सिद्धांत हा की, भ्रमाचे ज्ञान असणे आणि भ्रमापासून मुक्त असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्याच्या चुकीवर उत्तम प्रवचन करणारा मनुष्य तीच चूक करीत असताना तिला ओळखीलच असे नाही.

भ्रम कसा घडतो

आपल्या देशातील तर्कशास्त्राने ज्ञानाची साधने सांगताना प्रत्यक्ष, अनुमान व शब्द यांचा सूक्ष्म विचार केला आहे. त्या संध्याकाळी ही तिन्ही कशी बिघडली, ते क्रमाने पाहू.

प्रथम अनुमान. धुरावरून अग्नी ओळखणे योग्य, कारण अग्नीवाचून धूर नसतो. गोणीवरून चोर ओळखणे अयोग्य, कारण गोणी चोराजवळ असते तशीच हमालाजवळ, भंगारवाल्याजवळ व शेतकऱ्याजवळही असते. जो हेतू साध्य असतानाही आढळतो व नसतानाही आढळतो, त्यास सव्यभिचार हेतू म्हणतात. तो काहीच सिद्ध करीत नाही. गोणी, मळके कपडे, परकी बोली, अनोळखी चेहरा, हे सर्व याच जातीचे हेतू होत.

द्वितीय शब्द. शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा. ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि फसवण्याची इच्छा नाही, त्याचा. भ्रमणध्वनीवर दहा जणांनी पाठवलेला संदेश म्हणजे दहा साक्षी नव्हेत. एकाच तोंडचे वाक्य दहा दारांतून आले, एवढाच त्याचा अर्थ. परंतु मन दारे मोजते, तोंड मोजत नाही.

तृतीय प्रत्यक्ष. डोळ्यांनी पाहिले ते तरी खरे ना? माझी “काल पाहिल्याची” आठवण याचे उत्तर आहे. सन १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर या अमेरिकी संशोधकांनी काही लोकांना मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवली. काहींना विचारताना टकरीसाठी सौम्य क्रियापद वापरले, काहींना तीव्र. आठवड्याने सर्वांना विचारले, फुटलेली काच दिसली होती काय? काच मुळीच फुटली नव्हती. तथापि ज्यांनी तीव्र शब्द ऐकला होता, त्यांच्यापैकी अधिक जणांनी ती पाहिल्याचे सांगितले. आठवण ही पेटीत जपून ठेवलेली वस्तू नव्हे. ती दरवेळी नव्याने घडते, आणि घडताना ऐकलेले शब्दही तिच्यात मिसळतात. “पोरं पळवणारा” हे दोन शब्द मी आधी ऐकले; माणूस नंतर पाहिला; आणि आठवण सर्वांत शेवटी तयार झाली.

याखेरीज मनाच्या दोन खोडी आहेत. डॅनिएल काहनेमन व एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, जी गोष्ट चटकन आठवते ती वारंवार घडते असे मनुष्य मानतो. भयंकर गोष्ट चटकन आठवते, म्हणून ती सर्वत्र आहे असे वाटते. रस्त्याने शेकडो फेरीवाले, भंगारवाले, भिक्षेकरी रोज निरुपद्रवी येतात व जातात; त्यांची कोणी वार्ता करीत नाही, म्हणून ते हिशेबात येत नाहीत.

दुसरी खोड अधिक खोल आहे. सन १९६० मध्ये पीटर वेसन या इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञाने एक कोडे घातले, ते घरी मुलांना घालून पाहावे. दोन, चार, सहा हे तीन अंक एका नियमाने आले आहेत. तुम्ही दुसरे तीन अंक सांगा, ते नियमात बसतात की नाही ते मी सांगेन. आणि नियम ओळखा. बहुतेक जण आठ, दहा, बारा असे सांगतात. “बसतात” असे उत्तर येते. मग वीस, बावीस, चोवीस. तेही बसतात. मग ते आत्मविश्वासाने सांगतात की, नियम दोनदोनने वाढण्याचा आहे. तो चूक असतो. नियम इतकाच असतो की, अंक चढते असावेत. एक, दोन, तीन असे विचारून पाहिले असते तर आपली समजूत क्षणात मोडली असती. पण मोडण्यासाठी कोणी विचारीत नाही. सर्व जण जुळवण्यासाठी विचारतात. गर्दीही त्या मनुष्याला जुळवणारेच प्रश्न विचारीत होती : “गोणीत काय आहे? इथे का उभा होतास? घाबरतोस का?” भंगारवाल्यानेही घाबरावे आणि चोरानेही घाबरावे, अशा ठिकाणी घाबरणे काय सिद्ध करणार? आजींचा प्रश्न तेवढा समजूत मोडणारा होता.

दुसऱ्या प्रकारचे आंधळेपण

इथे वाचक म्हणतील, ही अडाणी जमावाची कथा झाली. म्हणून दुसरी बाजू पाहू. दि. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक जमावाकडून मारले गेले. ते कांदिवलीहून सुरतेकडे एका अंत्यविधीस निघाले होते. त्या भागातही चोरटे फिरत असल्याची आवई होती. वार्ता कळली तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी, एकही तपशील हाती येण्यापूर्वी, मारणारे कोणत्या धर्माचे असावेत हे मनात ठरवून टाकले? पुढे शंभराहून अधिक लोक पकडले गेले. त्यांत कोणीही मुसलमान नाही असे सांगून राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांना अटकेतील लोकांची यादी जाहीर करावी लागली. मग काहींनी तोच निर्णय आदिवासी समाजाकडे वळवला. अपराध ज्यांनी केला त्यांचा. समाज तो तेवढा राहिला. आमचे यजमान सांगत की, राईनपाड्यानंतर “तुमच्या साक्रीचे लोक असलेच” हे वाक्य त्यांनी लोकलच्या डब्यात कित्येकदा ऐकले. जमावाने पाच जणांवर जे केले, ते वाचकांनी वाक्याने एका तालुक्यावर केले. हातात दगड नव्हता, एवढाच भेद.

आपल्या पंथाने हे दुःख स्वतः भोगले आहे. आपल्या नावावर कपटाचा आरोप करणारी म्हण मराठीत शतकानुशतके चालली. आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत होते. इतरांना ते वाचता येत नव्हते. न वाचलेल्या ग्रंथांत काय असावे, हे लोकांनी आपापल्या मनाने ठरवले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडली, आणि गुप्त कारस्थान म्हणून ज्याची कल्पना केली होती तेथे मराठी गद्याचे वैभव निघाले. ज्या पंथाला इतरांच्या अन्यथाज्ञानाने इतकी वर्षे ग्रासले, त्याने दुसऱ्याविषयी विकल्प करताना दहा वेळा थांबावे.

दृष्टांत

केबिन रोड या नावातच केबिन आहे. रेल्वेची जुनी केबिन ज्यांनी आतून पाहिली असेल त्यांना तिच्यातील दांड्यांची रांग आठवेल. काही दांडे रुळांचे सांधे बदलण्याचे, काही सिग्नल पाडण्याचे. या दांड्यांना खालून अशी अडणी घातलेली असे की, सांधे बरोबर बसून कुलूपबंद झाल्यावाचून सिग्नलचा दांडा हलतच नसे. केबिनमन कितीही घाईत असो, कितीही अनुभवी असो, त्याची खात्री पटली आहे म्हणून सिग्नल पडत नसे. शिवाय पुढच्या ठाण्याने ‘लाइन क्लिअर’ दिल्यावाचून गाडी सोडावयाची नाही, हा दंडक. आज यंत्रे बदलली, दांडे जाऊन विजेची उपकरणे आली. तत्त्व तेच राहिले.

दार्ष्टांतिक

केबिनमन तो जीव. सिग्नल तो निर्णय. गाडी ती कृती. ज्यांनी ही योजना केली त्यांनी केबिनमनला मूर्ख मानले नाही. चांगला मनुष्यही अंधारात, पावसात, घाईत चुकतो, एवढे त्यांनी ओळखले. आणि चूक झाली तरी ती गाडीपर्यंत पोहोचू नये अशी अडणी घातली. आपल्या मनातही अशी अडणी असावी. निर्णयाचा दांडा ओढण्यापूर्वी चार गोष्टी कुलूपबंद व्हाव्यात. एक : घडले काय, आणि कोणाचे? पोर कोणाचे गेले? दोन : मी पाहिले किती, आणि जोडले किती? तीन : माझी समजूत खोटी असती तर मला काय दिसले असते, आणि ते मी शोधले काय? चार : मी चुकलो तर झालेले परत फिरवता येईल काय? चौथ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पहिली तीन दुप्पट काळजीने तपासावीत. आणि ‘लाइन क्लिअर’ दुसऱ्या ठाण्याकडून यावा. म्हणजे आपल्यासारखेच तापलेल्या शेजाऱ्याकडून नव्हे, तर जो गर्दीबाहेर आहे त्याच्याकडून.

शंका व समाधान

शंका अशी : खरोखरच मूल पळवले जात असता आई प्रश्न विचारीत बसली तर? समाधान : सावधपणा आणि निवाडा या दोन क्रिया वेगळ्या आहेत. मुलाला जवळ घ्यावे, मोठ्याने हाक मारावी, अनोळखी मनुष्यास थांबवावे, पोलिसांस बोलवावे; यांतील एकाही कृतीस अपराध सिद्ध व्हावा लागत नाही, आणि चूक झाली तर क्षमा मागून ती निस्तरता येते. मारणे हा निवाडा आहे. तो भीतीच्या स्वाधीन करता येत नाही.

दुसरी शंका अधिक अवघड, आणि ती आम्हां निरूपणकारांवर येते. आम्ही सर्व दृष्टांतांवर जगतो. केसोबासांनी दृष्टांतपाठाची रचना केली, तेव्हापासून दृष्टांत हे आपल्या परंपरेचे भूषण आहे. परंतु एक ठसठशीत उदाहरण शंभर साध्या गोष्टींवर मात करते, हाच तर वर सांगितलेला भ्रम! मग दृष्टांतानेही भ्रम होणार नाही काय? होईल, जर दृष्टांताला प्रमाण मानले तर. दृष्टांत समजावतो, सिद्ध करीत नाही. म्हणूनच प्राचीनांनी दृष्टांतामागे दार्ष्टांतिक ठेवले : कोणता अंश घ्यावयाचा व कोठे थांबावयाचे, ते सांगण्यासाठी. त्याच ग्रंथातील हत्ती व आंधळे यांचा दृष्टांत पाहावा. प्रत्येक आंधळ्याच्या हाताला लागले ते खरेच होते. चूक हातात नव्हती. “एवढाच हत्ती” या निर्णयात होती. केबिन रोडच्या या प्रसंगावरून सर्व गर्दी नेहमी चुकते, असा अर्थ कोणी काढील, तर तोही सोंड धरून हत्ती सांगणारा ठरेल.

आचार

हे केवळ रस्त्यावरचे नव्हे. आश्रमात एखादी वस्तू सापडेनाशी होते; मन प्रथम नवागत साधकाकडे जाते. पंगतीत एकाने मान फिरवली. आपण त्यात अवहेलना वाचतो, त्याची मान दुखत होती असे मनात येत नाही. मग त्याची प्रत्येक कृती त्या वाचनाला जुळू लागते. आठ, दहा, बारा. गुरुबंधूविषयीचा असा विकल्प वर्षानुवर्षे पोसला जातो, आणि एकाच प्रश्नाने तो मोडला असता हे दोघांपैकी एकाच्या देहावसानानंतर कळते. हिंसा केवळ देहाचीच होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आजींना दंडवत करून माझी खोटी आठवण सांगितली. वाटले, त्या आश्चर्य करतील. त्या म्हणाल्या, “बाबा, मलाही तो तसलाच वाटला होता. पण म्हटलं, आधी पोरं मोजू.”

त्यांची समजूत माझ्याहून निराळी नव्हती. त्यांनी आधी पोरे मोजली, एवढाच फरक. तो भंगारवाला पुढेही केबिन रोडवरून जात असे, आणि त्या दाराशी आला की गोणी खाली ठेवून वर पाहून हात जोडी, असे यजमानांकडून कळले. त्याच्या त्या नमस्काराचे मानकरी आम्ही नव्हतो, हे येथे नमूद करून लेखणी थांबवतो.

दंडवत प्रणाम.